जुन्या छेदाची नोंद



पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. ते सिझेरियनने झाले असेल, तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड बहुधा माहेरच्या कपाटातच राहते. पुढे सासरच्या गावी दुसऱ्या खेपेस डॉक्टर विचारतात, "गर्भाशयावरील छेद आडवा होता की उभा?" आणि कोणालाच सांगता येत नाही. पोटावरील व्रण पाहून ते ओळखता येत नाही. त्वचेवरील छेद आडवा असूनही आतील उभा असू शकतो. दहा वर्षांपूर्वीची उधारी वहीतून शोधून काढणाऱ्या घरांत हा एक कागद सापडू नये, याचे नवल वाटते.

गर्भाशयाच्या खालच्या भागातील आडवा छेद चांगला भरून येतो. असा एकच छेद असलेल्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास १०० पैकी सुमारे ७० ते ७५ जणींना यश येते. कळांच्या ताणाने जुना व्रण उकलण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक असतो. वरच्या भागातील उभ्या छेदाचा धोका याहून कितीतरी अधिक, म्हणून तेथे कळांची वाट पाहिली जात नाही. व्रण उकलला तर आईला आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाळाचा प्राणवायू काही मिनिटांतच तुटतो. बाळाच्या ठोक्यांतील बिघाड हे बहुधा पहिले लक्षण असते. दोन कळांच्या मधेही न थांबणारी वेदना हे दुसरे. यास्तव हा प्रयत्न जेथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्रीही तत्काळ मिळते, अशाच ठिकाणी व्हावा. घराजवळचे, ओळखीचे, पण या सोयी नसलेले प्रसूतिगृह त्यासाठी योग्य नव्हे.

मात्र मला अधिक चिंता वारेची वाटते, कारण तिच्याविषयी घरांत कोणी बोलतच नाही. जुन्या व्रणावर वार रुजली, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसते आणि प्रसूतीनंतर सुटत नाही. रक्तस्राव इतका होतो की कधी कधी गर्भाशयच काढावे लागते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार गर्भाशयमुखावर आलेल्या स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्या वेळी ४० टक्के स्त्रियांत ती अशी रुतलेली आढळली. मुलग्याच्या आशेने सुनेला तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेस सामोरे जावयास लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा आकडा अवश्य वाचावा. सहाव्या ते आठव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गर्भ जुन्या व्रणातच तर रुजला नाही ना, हे पाहून घ्यावे. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत वार नेमकी कोठे आहे, हे विचारावे.

दोन खेपांतील अंतराविषयी थोडेच सांगते. प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. फार लवकर दिवस राहिल्यास व्रण उकलण्याचा धोका वाढतो.

आता मुहूर्ताविषयी. पुन्हा सिझेरियनच ठरले आणि अन्य अडचण नसली, तर ते ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. गुरुपुष्य साधण्यासाठी ते दोन आठवडे अलीकडे ओढले, तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ येऊ शकते. दुकानाचे उद्घाटन आणि बालकाचा जन्म यांना एकच पंचांग लावू नये.

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले, तेव्हा त्रिशलामाता किती व्याकूळ झाली, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर आजच्या मातेनेही तितकेच व्याकूळ व्हावे आणि उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तपश्चर्येची ओढ असलेल्या भगिनींनी उपवासाबाबत साध्वीजींचा आणि डॉक्टरांचा, दोघांचाही विचार घ्यावा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या आणि आहार यांत खंड पडू देऊ नये. रक्तस्राव झालाच, तर हाच साठा कामी येतो. घरातील पुरुषांनी सुनेचा रक्तगट लिहून ठेवावा, रक्तपेढी किती अंतरावर आहे याची चौकशी आठव्या महिन्यापूर्वीच करावी, आणि ते कार्ड माहेराहून मागवून घ्यावे.