नदीकाठची सहल आणि भरलेली आगाऊ रक्कम

पावसाळा सुरू झाला की व्यापारी कुटुंबांत सहलीचे बेत ठरू लागतात. पवनेच्या काठी तंबूत मुक्काम असो वा कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग, मुलांच्या आग्रहाखातर आगाऊ रक्कम तत्काळ भरली जाते. येथवर वावगे काहीच नाही.

तथापि नदीचा हिशेब निराळा असतो. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या खोऱ्यात तो किती पडला आणि वरच्या धरणातून पाणी किती सोडले, यावर तिची पातळी ठरते. कोलाडचे राफ्टिंगही भिरा येथील जलविद्युत केंद्रातून येणाऱ्या पाण्यावरच चालते. 8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो; म्हणून गुडघाभर प्रवाहही धडधाकट माणसाला पाडू शकतो.

सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी रोज पाहतात. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे तेथील मुलांनाही पाठ असते. सहलीला निघताना हीच सवय उपयोगी पडते. आदल्या सायंकाळी हवामान खात्याचा इशारा आणि धरणाच्या विसर्गाची बातमी पाहावी. इशारा नारिंगी वा लाल असेल तर बेत रद्द करावा. तंबू पात्रापासून दूर व उंचावर आहे का, परतीच्या वाटेवरील पूल पाण्याखाली जातो का, हे आधीच विचारावे. भोंगा वाजला वा पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर सामान तेथेच टाकून चढावर जावे.

अडचण उरते ती भरलेल्या रकमेची. 'पैसे गेले आहेत, तर जाऊनच येऊ' हा विचार व्यवहाराला धरून नाही. बुडीत उधारी वसूल व्हावी म्हणून कोणताही शहाणा व्यापारी त्याच गिऱ्हाइकाकडे नवा माल पाठवीत नाही. रक्कम भरतानाच पुरामुळे तारीख बदलून मिळेल, असे लेखी घ्यावे. तसे न मिळाल्यास ती रक्कम खर्ची टाकावी. वर्षअखेरीस ताळेबंदात तिचा मागमूसही उरणार नाही.