जोत्याची उंची आधी ठरवा

आपल्यातला माणूस घर बांधतो तो आयुष्यात एकदाच. फंडाचे पैसे, पतपेढीचे कर्ज आणि घरातले किडूकमिडूक सोने मोडून ते घर उभे राहते. रंग चुकला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. खिडकी चुकली तर गवंडी लावून मोठी करता येते. पण घराची जमीनच खाली राहिली, तर ती नंतर सहजासहजी वर उचलता येत नाही. म्हणून आज जोत्याविषयी लिहितो.

माझे थोरले बंधू कारखान्यातून निवृत्त झाले आणि गावच्या जागेवर वीस बाय पंचवीस फुटांचे घर बांधायचे त्यांनी ठरवले. पुतण्या बारावी झालेला, कॉम्प्युटरचा नाद असलेला. त्याने 'स्वीट होम थ्रीडी' नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर घराचे चित्र काढले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा, आईचा पलंग कुठे ठेवायचा तेसुद्धा त्यात होते. दादा आणि वहिनी चित्र बघून हरखून गेले. मलाही आनंद झाला.

पण चित्र बाजूने फिरवून पाहिले तेव्हा घर एकदम सपाट हिरव्या जमिनीवर बसवलेले दिसले. दाराला एकही पायरी नव्हती. मी विचारले, "बाळा, याचे जोते कुठे आहे?"

तो म्हणाला, "काका, ते गवंडी बघून घेईल."

तेव्हा मला आमच्या मुंबईच्या खोलीची आठवण झाली. माझ्या लहानपणी त्या खोलीत दोन पायऱ्या चढून जावे लागे. पुढे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले आणि शेवटी आम्ही एक पायरी उतरून घरात जाऊ लागलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी होते. धान्य गेले, पुस्तके गेली. बी.कॉम.ची गुणपत्रिका मी दोरीवर वाळत घातली, तिच्यावरचा डाग अजून आहे. एवढ्या पावसात पाणी आलेच असते. पण त्यानंतर साध्या पावसातही ते येऊ लागले, ते मात्र आमची जमीन रस्त्याच्या खाली गेल्यामुळे.

म्हणून मी पुतण्याला घेऊन जागेवर गेलो. बरोबर गवंडीमामा होते. त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत येते, आणि तिथून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजायचे. एवढे साधे हे साधन आहे. रस्त्याच्या माथ्याला आम्ही शून्य धरले. घराचा पुढचा कोपरा रस्त्यापेक्षा २० सेंटिमीटर खाली निघाला आणि मागची बाजू ३० सेंटिमीटर वर. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या जागेत अर्ध्या मीटरचा उतार होता. आई लगेच म्हणाली, "मागच्या बांधावरूनच पाणी येते रे, मी सांगत होते." तिला नळीची गरज पडली नाही!

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच हवे. उताराच्या जागेत हे माप सखल बाजूने धरले तर वरच्या बाजूचे पाणी मागच्या भिंतीला लागते. म्हणून ते उंच बाजूने धरायचे. आम्ही मागची माती १५ सेंटिमीटर खणून काढायची आणि पलीकडे पाण्यासाठी चर मारायची ठरवले. मागची जमीन रस्त्यापासून १५ वर राहिली. त्यात ४५ मिळवले की जमीन-लादी रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर आणि पुढच्या कोपऱ्यापासून ८० सेंटिमीटर वर येते. पुढे १६ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या झाल्या.

आता हे सॉफ्टवेअरमध्ये कसे भरायचे? या सॉफ्टवेअरमध्ये मूळ जमीन सपाट असते आणि तिची उंची शून्य असते. पुतण्याने पुढचा सखल कोपरा शून्य धरला, मजल्याच्या खिडकीत 'एलेव्हेशन'च्या रकान्यात ८० घातले आणि घर वर उचलले गेले. पण ते हवेत तरंगू लागले! मग त्याने खाली शून्यावर आणखी एक मजला धरून त्यावर जोत्याच्या भिंती काढल्या. मागची उंच जमीन दाखवायला ३५ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवला. मापे सेंटिमीटरमध्ये आहेत की इंचात, हे मात्र आधी बघून घ्यावे.

काही सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचा चढउतार भरता येतो. चीफ आर्किटेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तळमजल्याची जमीन हीच शून्य असते आणि माती तिच्या खाली किंवा वर सरकते. तिथे उंची आपोआप ठरवायची सोय असते. पण आपल्या रस्त्याची उंची आणि मागच्या बांधाचे पाणी त्या यंत्राला माहीत नसते. आकडा आपणच मोजून घालायचा.

नवे चित्र पाहून दादा गप्प झाले. वीस बाय पंचवीसच्या घराला जोते एक फूट वाढवले की पाच ब्रास भराव जास्त लागतो. ते म्हणाले, "अरे, पैसा मातीत घालू की फरशीत?" प्रश्न चुकीचा नव्हता, कारण पैसा मोजकाच होता. वहिनींनी उत्तर दिले, "फरशी साधी घालू. भिजलेल्या फरशीवर मी काही पाट मांडणार नाही." व्हरांड्याच्या कमानी रद्द झाल्या आणि भरावाचे पैसे निघाले.

आईला मात्र पाच पायऱ्या चढवत नाहीत. चित्र नसते तर हे आम्हाला घर झाल्यावर कळले असते. मागच्या दाराला उंची ४५ सेंटिमीटरच आहे. उताराचा रस्ता करायचा तर एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी, सुमारे अठरा फूट. मागच्या भिंतीलगत तेवढी जागा होती. आई आता तिकडून ये-जा करील.

जोते भरून झाले आहे. गवंडीमामांनी मुरूम अर्धा-अर्धा फुटाच्या थरांनी टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेतला. एकदम भरला तर तो पुढे खचतो आणि लाद्या बसतात. पहिला पाऊस अजून यायचा आहे.

ज्या घरांत बांधकाम निघाले आहे, त्यांना माझी एवढीच विनंती. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर घर काढत असेल तर कौतुक जरूर करा, पण चित्र बाजूने फिरवून पाहा. रस्ता किती वर आहे, शेजारची जमीन किती वर आहे, पाणी कुठून येते, हे जागेवर नळी लावून मोजा आणि ते आकडे त्यात भरायला सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही विचारा. रस्ता पुढे उंच होणारच, हे धरून चार बोटे जास्तच ठेवा. मगच पायाची दोरी बांधा.