आईच्या हातातली रहस्यकादंबरी

‘कोझी क्राइम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकादंबरीत खून होतो, पण तो वाचकाच्या डोळ्यांदेखत क्वचितच होतो. प्रेत सापडते ते बंगल्याच्या ग्रंथालयात, पाद्र्याच्या अभ्यासिकेत, नाहीतर चहापानाच्या टेबलाशी. गाव लहान, माणसे मोजकी आणि एकमेकांना चांगली ओळखणारी. संशय घ्यावा असे पाच-सात जण असतात आणि प्रत्येकाकडे लपवण्याजोगे काही ना काही असते. पोलीस तपास करतातच, पण उत्तर सापडते एखाद्या हौशी माणसाला, पुष्कळदा उतारवयातल्या बाईला. धागेदोरे आधीच वाचकापुढे ठेवलेले असतात, त्यामुळे लक्ष देऊन वाचणाऱ्याला गुन्हेगार ओळखण्याची पूर्ण संधी मिळते. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. पुस्तक दिवाणखान्यात उघडे राहिले आणि शाळकरी मुलाने उचलले, तरी आईला धास्ती वाटत नाही.

या पुस्तकांच्या वाचकांत संसार, मुले आणि नोकरी एकाच वेळी ओढणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे वेळ किती असतो, हे केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसते. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची आणि वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी.

छत्रपती संभाजीनगरात या मिनिटांचा हिशेब अधिकच चिवट होतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीची पहिल्या पाळीची बस भल्या पहाटे चौकात येते आणि त्याआधी डबा भरून तयार लागतो. मग शाळेची रिक्षा, मग सासूबाईंची औषधे, मग स्वतःची नोकरी. त्यात नळाचा दिवस. जायकवाडीचे धरण जिल्ह्यातच असूनही शहराला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. पाणी यायच्या दिवशी घरातली बाई जागी असते. आधी पिण्याचे भरायचे, मग पिंप, मग हौद, मग मोटार लावून वरची टाकी. टाकी भरून वाहू लागेपर्यंत तिला तिथून हलता येत नाही आणि दुसरे कामही धरता येत नाही. सिडको-हडकोच्या घरांत पुस्तक उघडले जाते ते अशा वेळी. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून कूलर सुरू झाला आणि मुले झोपली की आणखी थोडा वेळ हाती लागतो.

अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळेत हीच पुस्तके का टिकतात, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. प्रकरणे आटोपशीर असतात आणि प्रत्येक प्रकरण एखादी जबानी, एखादी विसंगती किंवा एखादा नवा प्रश्न देऊन थांबते. पात्रे थोडी असल्याने दोन दिवसांनी पुस्तक हाती घेतले तरी कोण कुणाची मावशी, हे शोधत मागे जावे लागत नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे पुस्तक मिटल्यावरही वाचन थांबत नाही. माळ्याने घड्याळाबद्दल खोटे का सांगितले, हा प्रश्न पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, सिग्नलवर स्कूटर थांबलेली असताना मनात चालूच राहतो. घरकामात हात गुंतलेले असतात, पण डोके पुष्कळदा रिकामे असते, आणि ते रिकामे डोके दूध संपले का, फी भरली का, गॅस कधी नोंदवायचा, अशा याद्यांनी भरून जाते. रहस्यकथा त्या जागी एक असे कोडे ठेवते, जे घरातल्या कुणासाठीही सोडवायचे नसते. दिवसभर दुसऱ्यांच्या गरजांचा विचार करणाऱ्या बाईला विचार करायला स्वतःचे काहीतरी मिळते. हे फार मोठे देणे आहे.

हा प्रकार घडवणारी लेखिका स्वतः अशाच मधल्या वेळात लिहीत होती. अगाथा ख्रिस्ती यांचा जन्म १८९० मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की येथे झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तिथल्या रुग्णालयाच्या औषधखोलीत काम केले आणि विषांची बारीक माहिती तिथेच मिळवली. त्यांची पहिली रहस्यकादंबरी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम एक वर्षाची होती. पुढे एकूण ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंना सुरुवातीची बरीच वर्षे लिहिण्यासाठी वेगळी खोली नव्हती. टंकलेखन यंत्र आणि एक भक्कम टेबल एवढे त्यांना पुरे होते, आणि जेवणाचे टेबल दोन जेवणांच्या मधल्या वेळात चालत असे. हे त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे.

ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल या पात्रात या सगळ्या साहित्याचे मर्म आहे. १९२७ मध्ये एका कथेतून ती प्रथम आली आणि १९३० मध्ये कादंबरीत. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी, विणकाम करणारी, बागेत रमणारी, अविवाहित वृद्धा. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, पिस्तूल नाही, पदही नाही. तिला माणसे माहीत आहेत. मोलकरीण अचानक काम सोडून का जाते, मासळीच्या दुकानातला पोऱ्या कोणत्या वेळी खोटे बोलतो, मृत्युपत्र वाचताना कुणाचा चेहरा बदलतो, हे तिने आयुष्यभर पाहिलेले असते, आणि नव्या गुन्ह्यातल्या माणसांत तिला जुनी माणसे दिसतात. ती पहिली कथाच पाहावी. पाच हुशार पाहुणे, त्यांत एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचा निवृत्त आयुक्त, विषप्रयोगाचे कोडे सोडवायला बसतात. सगळे पैसा, वारसा, प्रेमप्रकरणे तपासत राहतात. मिस मार्पल त्या रात्रीच्या जेवणात काय काय होते इकडे लक्ष देते, आणि उत्तर तिथे, पानात वाढलेल्या पदार्थात असते. ज्याने तो पदार्थ कधी केला नाही त्याला ते दिसणे कठीण, आणि जी रोज रांधते तिला मात्र दिसू शकते.

घर चालवताना येणारे शहाणपण एरवी कुणी शहाणपणात धरत नाही. दूधवाल्याच्या मापातला फरक, शेजारच्या घरातली न बोललेली भांडणे, मुलाच्या आवाजावरून कळलेली शाळेतली गोष्ट, हे सारे ‘बायकांना कळतंच’ म्हणून बाजूला टाकले जाते. कोझी क्राइममध्ये तेच ज्ञान खुनी पकडते आणि इन्स्पेक्टर टोपी काढून त्याला मान देतो. संसारी बाईचे या पुस्तकांवरचे प्रेम फावल्या वेळेच्या विरंगुळ्यापुरते समजणे म्हणूनच चुकीचे आहे. स्वतःच्या बुद्धीची कदर होताना पाहण्याचा आनंद त्यात आहे.

मराठी घरांत रहस्यकथा फार आधीपासून नांदत होती. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि छोटू, झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळा पहाड ही नावे एका पिढीच्या तोंडी होती. या छोट्या पुस्तकांत साहस भरपूर, पण बीभत्स काही नाही, त्यामुळे ती घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरत. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्सच्या कथा मराठीत आणल्या. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले, पण त्यांचे नायक धडाडीचे, चालत्या मोटारीतून उडी घेणारे. स्वयंपाकघराशी त्यांचे नाते कमी. दिवाळी अंकांत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी रहस्यकथेला हक्काची जागा दिली. ख्रिस्ती मराठीत आल्या त्याचे बरेच श्रेय मधुकर तोरडमल यांचे. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मुळे रंगभूमीवर गाजलेल्या या नटाने, जो आधी इंग्रजीचा प्राध्यापक होता, ख्रिस्तींच्या अनेक कादंबऱ्यांचे अनुवाद केले. ज्यांना इंग्रजी वाचताना अडखळायला होते त्या वाचकांसाठी हे काम मोलाचे ठरले. त्याची दखल त्यांच्या नाटकांइतकी घेतली गेली नाही, ही खंत आहे.

सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. मुलांसाठी लिहिलेल्या या कथा आई आणि मूल दोघे मिळून वाचू शकतात. फेलूदाच्या ‘कैलासे केलेंकारी’ या बंगाली कादंबरीचा संभाजीनगरशी थेट संबंध आहे. भुवनेश्वरच्या मंदिरातून चोरीला गेलेल्या यक्षीच्या मस्तकाचा माग काढत फेलूदा तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे याच शहरात, येतो आणि रहस्य उलगडते ते वेरूळच्या कैलास लेण्यात. २००७ मध्ये त्यावर संदीप राय यांनी चित्रपटही केला. पाहुणे आले की ज्या लेण्यांत त्यांना घेऊन जायचे, तिथेच गुप्तहेर दबा धरून बसलेला वाचताना या शहरातल्या मुलांना वेगळीच मजा येईल.

जुन्या शहरात या वाचनाची दुसरी धारा उर्दूची आहे. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. नंतर ते कराचीला गेले आणि १९५५ मध्ये ‘इमरान’ मालिका आली. अश्लीलतेच्या आधाराशिवाय उर्दूत खपाऊ कादंबरी लिहिता येते, हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने त्यांनी हे लेखन हाती घेतले होते. त्यांची पुस्तकेही अर्नाळकरांच्या पुस्तकांसारखीच घरातल्या सगळ्यांनी वाचावी अशी. ज्या शहरात या दोन्ही भाषा नांदतात, तिथे दोन्ही रहस्यकथांचे वाचक शेजारीशेजारी राहतात आणि एकमेकांची पुस्तके त्यांना ठाऊक नसतात.

ही पुस्तके विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून आणली जातात, कारण रहस्यकथा एकदा वाचली की पुन्हा कितीदा वाचणार, असा घरगुती हिशेब असतो. बलवंत वाचनालय, जीवन विकास ग्रंथालय अशा संस्थांनी शहरात वर्गणीदार वाचक घडवले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा ग्रंथालयांना अनुदानाची चौकट दिली. वाचनालयातल्या रहस्यकथेचे पुस्तक ओळखणे अवघड नसते. शेवटच्या पानाला चिकटवलेली चिठ्ठी तारखांच्या शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली असते, शिवण सुटलेली असते, कोपरे हाताळून मऊ झालेले असतात. कधी शेवटचे पानच नसते. कधी कुणीतरी पात्रांच्या यादीत खुन्याच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल केलेला असतो. पुढच्या वाचकाविरुद्ध एवढा मोठा अपराध दुसरा नाही. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत राखून ठेवलेले पुस्तक असे निघाले की होणारी निराशा खरी असते.

या साहित्याला कमी लेखण्याची सवयही जुनी आहे. ‘गंभीर वाचा’ हा सल्ला रहस्यकथा वाचणाऱ्या बाईला हमखास मिळतो, क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या पुरुषाला कुणी तसा देत नाही. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मध्ये या प्रकारावर निबंध लिहिला आणि रहस्यकथेचे आपल्याला दारू-तंबाखूसारखे व्यसन असल्याचे मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या मते या कथेत निष्पाप समाज खुनाने डागाळतो आणि सत्य कळल्यावर पुन्हा स्वच्छ होतो, वाचकाला ओढ असते ती या शुद्धतेची. एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ख्रिस्तींच्या जुन्या पुस्तकांत परकी माणसे आणि नोकरचाकर यांच्याविषयी तुच्छतेचे शेरे आहेत. १९३९ च्या एका कादंबरीचे मूळ शीर्षकच वर्णद्वेषी होते आणि ते पुढे बदलावे लागले. मुलांच्या हाती पुस्तक देताना आईने हे सांगायला हवे.

आता हा प्रकार पुन्हा बहरला आहे. रिचर्ड ऑस्मन यांची निवृत्तांच्या वसाहतीतल्या चार हौशी तपासकांची कादंबरी २०२० मध्ये आली आणि जगभर खपली. महाराष्ट्राच्या भूमीवरही असे तपासक उभे राहिले. शल्यविशारद असलेल्या कल्पना स्वामिनाथन यांची साठी ओलांडलेली लल्ली मुंबईत तपास करते. सुजाता मॅसी यांची पेरविन मिस्त्री १९२० च्या दशकातल्या मुंबईत वकिली करता करता पडद्याआडच्या बायकांची रहस्ये उलगडते. वसीम खान यांच्या निवृत्त इन्स्पेक्टर चोप्राबरोबर हत्तीचे पिल्लू असते. ही सारी पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली. २०१७ मध्ये स्टोरीटेलने भारतात मराठी श्राव्यपुस्तके आणल्यापासून कानात इअरफोन घालून भांडी घासतानाही रहस्यकथा ऐकता येते. ज्यांना बसून वाचायला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत, त्यांची यामुळे सोय झाली.

उणीव आहे ती मराठी मिस मार्पलची. गुलमंडीवरचे जुने कापडदुकान, पैठणीच्या मागावर काम करणारी मावशी, सोसायटीची भिशी, हळदीकुंकवाला आलेल्या पंधरा बायका आणि त्यांतली एक न आलेली, पाण्याचा टँकर आला तेव्हा कोण कुठे उभे होते, याची साक्ष. संशयितांचे बंद वर्तुळ आखायला यापेक्षा चांगली सामग्री कोणती? ती ज्यांच्या रोजच्या पाहण्यात आहे, त्या बायकांनीच हे लिहायला हवे आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्यांच्याकडून ते मागून घ्यायला हवे. वाचनालयांनी फाटलेल्या रहस्यकथा रद्दीत न काढता शिवून घ्याव्यात आणि नव्या मागवाव्यात. आणि घरातल्यांनी एवढे करावे: आई शेवटच्या वीस पानांवर असेल तेव्हा चहा दुसऱ्या कुणीतरी टाकावा.