काळ्या मातीतला रॉड एंड
पाना-पक्कड

घरी गाडी बनवणाऱ्याला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोन्तं इंजन बसवलं भाऊ?’ सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी उभी केली, तेव्हाही बोलबाला झाला तो ती किक मारून सुरू होते याचा. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही सांगून टाकलं, आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. अशा गाडीचं स्टीअरिंग कोणत्या सांध्यावर वळतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तर आधी तेच पाहावंसं वाटतं. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा सांधा निखळला तर ती कुठे जाईल ते तिचं तिला ठाऊक.

वरुडात बागेतून क्रेट वाहायला स्वतःची गाडी करावी, अशी हौस असलेली पोरं कमी नाहीत. हल्ली त्यांच्या यादीत रॉड एंड हमखास असतो. आटे पाडलेला दांडा, टोकाला कडं, कड्यात फिरणारा पोलादी बॉल आणि बॉलमधून आरपार बोल्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो विमानांच्या कामी आला, मग रेसच्या गाड्यांनी उचलला. बनवणाऱ्यांच्या नावावरून अमेरिकेत तो हाइम जॉइंट, इंग्लंडात रोझ जॉइंट. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ मध्ये सुरू झालेल्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेमुळे आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनाही तो पाठ झाला.

त्याचा खरा गुण ट्रॅक्टरवाल्याला शिकवावा लागत नाही. टॉप लिंक बघा : दोन्ही टोकांना बॉल, एका बाजूला सुलटे आटे, दुसऱ्या बाजूला उलटे, मधली नळी फिरवली की लांबी कमी-जास्त. टाय रॉडला सुलट-उलट जोडी लावली तर काहीही न उघडता चाकांची सरळाई जुळवता येते. जुळली की चेकनट आवळायचा, आणि आटे नळीत दांड्याच्या जाडीच्या निदान दीडपट आत असायला हवेत.

पण रेसच्या गाडीमागे दर फेरीनंतर सांधे तपासणारी फौज असते. आपल्याकडे जुलैत काळी माती चाकाला थापली जाते. उघड्या बॉलमध्ये ती एकदा शिरली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून माझं मत सरळ आहे : बागेतल्या गाडीला कंपनीच्या चालू मॉडेलचा, रबरी बूटवाला टाय रॉड एंड बसत असेल तर तोच घ्या. रॉड एंड तिथेच, जिथे लांबी जुळवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाला तर नकोच. दांड्याच्या रेषेत ओढणं-ढकलणं तो झेलतो. आडवा भार आला की नेमका चेकनटपाशी, आट्याच्या मुळात मोडतो.

बसवताना बोल्टला दोन्ही बाजूंनी ब्रॅकेटचे कान हवेत, एका कानावर लटकवलेला बोल्ट वाकतो. कड्याच्या भोकाहून मोठा जाड वॉशर लावलाच पाहिजे. बॉल निसटला तरी दांडा त्या वॉशरला अडकून राहतो. स्प्रिंग काढून चाक पार वर, पार खाली, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कडं कानाला घासलं की समजा, सांधा तिथे मोडायला बसला आहे. ब्रॅकेटला वेल्डिंग मारायचं असेल तर रॉड एंड आधी काढून ठेवा.

ग्रीसचं म्हणाल, तर निप्पल असेल त्यालाच, आतलं काळं बाहेर येईपर्यंत. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्याला ग्रीस लावणं म्हणजे धूळ चिकटवणं. तो कोरड्या फडक्याने पुसायचा.

तपासायला दोघं लागतात. एकाने स्टीअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बोट अर्धं कड्यावर, अर्धं बोल्टच्या डोक्यावर ठेवायचं. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला ‘टिक्’ असा लागतो. लागला की सांधा बदलायचा, आवळून बघण्यात अर्थ नाही.

हे सगळं केलं तरी गाडी बांधाच्या आतच. कंपनीच्या गाडीच्या मूळ रचनेतही मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मग मंजुरीच नसलेल्या घरच्या गाडीला मोर्शी रोडवर कोण येऊ देणार?

आणि काढलेला रॉड एंड हॅकसॉने कापूनच भंगारात टाका. अख्खा टाकला, तर घासूनपुसून तो कुणाच्या तरी नव्या गाडीला लागणार.

— पानेवाला, वरूड