आठवी पास आणि हातात वेल्डिंगचा होल्डर

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: सायन्स की कॉमर्स? आयटीआयचं नाव निघालंच, तर मार्क कमी पडलेल्या मुलासाठी. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

वेल्डरचा ट्रेड घ्या. आयटीआयमध्ये तो एका वर्षाचा असतो, प्रवेशाला आठवी पास पुरते. मुंबईच्या माझगाव डॉकच्या अप्रेंटिस भरतीतही आठवी पास मुलांना या कामासाठी घेतलं जातं. शिकताना स्टायपेंडही मिळतो.

खरी कमाई मात्र पुढच्या पायरीवर आहे. ‘सिक्स जी’ चाचणीत पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बसवलेला असतो. तो फिरवता येत नाही. वेल्डरलाच वाकून, वळून, कधी डोक्यावर हात धरून सांधा चहूबाजूंनी भरावा लागतो. मग बहुतेकदा सांध्याचा एक्स-रे काढतात. आत प्रमाणाबाहेर पोकळी दिसली की नापास. हे जमलेल्या माणसाला रिफायनऱ्या, वीजकेंद्रं आणि आखातातले प्रकल्प बोलावून घेतात, आणि त्याचा पगार अनेकदा नुसत्या पदवीवर कारकुनी करणाऱ्यापेक्षा जास्त असतो.

काम सोपं नाही. धूर फुफ्फुसात जातो, झोत डोळे जाळतो. त्यामुळे चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि खेळती हवा यांची जबाबदारी मालकाचीच. छोट्या वर्कशॉपमध्ये ती सर्रास टाळली जाते, हे थांबायला हवं.

शाळांनीही नववीतच मुलांना, पालकांसकट, जवळच्या आयटीआयची कार्यशाळा दाखवावी. अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबू नये.