जीएसटी घटला, मग लोण्याचं बिल तेवढंच कसं?

22 सप्टेंबर 2025 पासून लोणी, तूप, चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. तरी मामाच्या बेकरीत लोण्याचं बिल किलोला 560 रुपयेच!

मी जुनी-नवी बिलं फोनवर स्कॅन करून शीटमध्ये टाकली. करापूर्वीचा दर 500 वरून 533 झाला होता. मामा जीएसटीचं क्रेडिट घेतो, म्हणजे त्याचा खरा खर्च किलोमागे 33 रुपयांनी वाढला. एकूण रक्कम तीच, म्हणून कुणाला पत्ताच नाही.

तुम्हीही शीटमध्ये करापूर्वीचा प्रतिकिलो दर तपासा. मागच्या बिलापेक्षा 3 टक्के जास्त दिसला की सेल लाल. स्कॅनमध्ये 3 चा 8 होऊ शकतो, म्हणून वजन गुणिले दरही जुळवा. लाल सेल म्हणजे लबाडीच असं नाही. पण सप्लायरला विचारायला आकडा हातात असतो.