आडनावापलीकडे

खोताच्या वाडीतील आमच्या एका स्नेह्यांचे नातू प्राध्यापक आहेत. विधिमंडळातील जातींच्या राजकारणाचा अभ्यास करण्यासाठी त्यांना एक संशोधक नेमावयाचा होता. निवडीस त्यांनी आम्हांसही बसविले. पहिला उमेदवार आला आणि आमच्या तोंडून निघाले, "आपले आडनाव?" प्राध्यापक हसले; आम्ही वरमलो.

१९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेकौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या गेल्या. तेथे कोण बसले, याची यादी करणे सोपे. परंतु सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्याच कौन्सिलात संमत झाला, तो मांडणारे सीताराम केशव बोले भंडारी होते! आणि ठराव होऊनही महाडच्या तळ्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला.

तेव्हा वाचकहो, सभासदांची आडनावे मोजून थांबेल तो कारकून. ठरावाचे पाणी अखेर कोणाच्या घागरीत पडले, हे शोधील तो संशोधक. आमचा पहिला प्रश्न मागे घेऊन आम्ही त्या तरुणास हाच विचारला. आपल्या घरातही पाहुण्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे एकदा पाहावे.